लाल टिकलीच्या खुणेवर

"अंबादास, तुझी गिटार टोचलालीय," जनार्दन मास्तर म्हणाले आणि त्यांनी कीबोर्डवर कापड टाकलं.

तालमीच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो होतो. बाकीची मंडळी चहाला गेली होती. ती आपणहून गेली नव्हती, मास्तरांनी पाठवली होती, हे मला नंतर उमगलं.

"टोचते म्हणजे?"

"कानात टोचते. अजून कुठं टोचणार? मागच्या चार कार्यक्रमांत चार जणांनी येऊन सांगितलं. मंगळवेढ्यात तर पुढच्या रांगेतल्या बायका उठून मागं जाऊन बसल्या."

"अ‍ॅम्प म्हातारा झालाय, मास्तर. स्पीकर फाटलाय आतला."

"मग नवा घे."

"घेतो की."

"घेतो नव्हे, घे. मार्कंडेय जयंतीचा कार्यक्रम आपल्याच समाजाचा आहे. विणकरांचा सगळा पूर्व भाग समोर बसणार. तोवर आवाज सुधारला तर तू आहेसच. नाही सुधारला तर रेवणला उभं करतो. एकोणीस वर्षं माझ्याजवळ आहेस म्हणून तोंडावर सांगतोय. दुसऱ्या कुणाला निरोप धाडला असता."

एवढं बोलून मास्तरही चहाला गेले. मी अ‍ॅम्पवर हात ठेवून तसाच बसून राहिलो.

अ‍ॅम्पच्या स्पीकरला काही झालं नव्हतं. झालं होतं ते माझ्या कानांना, आणि ते मला दीड वर्षापासून ठाऊक होतं.

सोळाव्या वर्षापासून मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभा होतो. सकाळी सात ते दुपारी तीन माग, संध्याकाळी गिटार. एका पत्र्याखाली चोवीस माग सुरू झाले की शेजारच्याला हाक मारून उपयोग नसतो. आम्ही सोलापूरचे मागवाले ओठांनी बोलतो. आवाज न काढता तोंड हलवायचं आणि समोरच्यानं वाचायचं. डब्यात काय आणलंय इथपासून मालकाला घातलेल्या शिव्यांपर्यंत सगळं आम्ही कारखान्याच्या या टोकाहून त्या टोकाला असंच बोलायचो. त्यामुळे बाहेरही माझं काही अडत नव्हतं. लोक बोलायचे, मी तोंडाकडे बघायचो आणि उत्तर द्यायचो. घरात तर आम्ही सगळेच ओरडून बोलणारे. कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं.

मग कारखान्यात तपासणीचं शिबिर आलं. डॉक्टरीणबाईंनी कानाला हेडफोन लावून जाड-बारीक आवाज ऐकवले आणि शेवटी कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आली होती आणि तिथून एकदम खाली गेली होती. "खालचे सूर ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "वरचे गेले. ते परत येत नसतात. आहेत ते जपा." तो कागद बायकोच्या हाती लागायच्या आत मी बंबात घातला.

वरचे सूर गेलेला गिटारवाला काय करतो? ट्रेबलचं, म्हणजे वरचे सूर वाढवायचं बटण पुढे फिरवतो. स्वतःला नीट ऐकू येईपर्यंत फिरवत राहतो, आणि त्याला नीट ऐकू येतं तेव्हा समोरच्यांच्या कानात सुया जात असतात. हे मला समजत नव्हतं अशातला भाग नाही. पण सुया कुठून सुरू होतात हे कळायला जे कान लागतात, नेमके तेच माझ्याजवळ उरले नव्हते.

दिवसा मी सात आणि आठ नंबरच्या मागावरचा माणूस होतो. संध्याकाळी मात्र लोक मला अंबादास गिटारवाला म्हणायचे. लग्नात वरच्या पंगतीला बसवायचे. ते एकदा गेलं असतं तर मी उरलो असतो सात आणि आठ नंबरचा.

कान बदलून मिळत नाहीत, अ‍ॅम्प मिळतो. म्हणून मी अ‍ॅम्प घ्यायचं ठरवलं. पण एकटा दुकानात गेलो असतो तर पुन्हा टोचणाराच उचलून आणला असता. सोबत कान हवे होते, आणि सोलापुरात मला ठाऊक असलेले सगळ्यात तयार कान ज्या माणसाजवळ होते तो रेवण हिरेमठ होता. चोवीस-पंचवीसचा, शाळेत संगीत शिकवणारा, कपाळावर भस्माची बोटं ओढून येणारा. माझ्या जागेवर डोळा ठेवून असलेला. निदान मी तरी तसंच समजत होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्याला गाठलं.

"रेवण, अ‍ॅम्प घ्यायचाय. सोबत येतोस का?"

त्यानं आधी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी, अण्णा?"

"का? लाज वाटते?"

"तसं नाही ओ. तुम्हाला मी काय सांगणार?"

"सांगू नकोस. नुसता उभा राहा."

नवी पेठेतल्या त्या वाद्यांच्या दुकानात आम्ही दुपारी शिरलो तेव्हा गिऱ्हाईक कोणी नव्हतं. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी पाहिजे? घरी वाजवायला, रेकॉर्डिंगला, की कार्यक्रमाला?"

"तिन्हीला," मी म्हणालो.

"तिन्हीला एकच?"

"घर दीड खोलीचं आहे. तीन अ‍ॅम्प ठेवले तर आम्ही रस्त्यावर झोपायचं का?"

तो हसला आणि त्यानं एकेक पुढे ओढायला सुरुवात केली. पहिला दहा वॉटचा, हातात धरून नेण्यासारखा. घरी सरावाला झकास. पण ड्रमवाल्यानं एक काठी मारली की तो अ‍ॅम्प चालू आहे की बंद, हे कोणाला कळलं नसतं. दुसरा व्हॉल्व्हचा, आत काचेच्या नळ्या लालसर पेटलेल्या. रेवणनं तो वाजवला तेव्हा त्याचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला. "रेकॉर्डिंगला याच्यासारखा नाही, अण्णा. पण हा मोठ्यानं लावल्याशिवाय खुलत नाही. तुमच्या घरी लावला तर शेजारी भांडायला येतील, आणि मैदानावर न्यायचा म्हणजे नळ्या जपत बसा." तिसरा पन्नास वॉटचा, बारा इंची स्पीकरचा, आत वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज भरलेला. घरी हेडफोन लावायची सोय, रेकॉर्डिंगला वायर थेट मशीनला जोडता येणारी, आणि कार्यक्रमात पुढे माईक ठेवला की झालं.

"हाच," रेवण म्हणाला.

"थांब की. मला बघू दे."

मी गिटार गळ्यात घातली आणि माझा नेहमीचा तुकडा वाजवला. गोधडीत गुंडाळल्यासारखा आवाज. मी ट्रेबल फिरवलं. अजून फिरवलं. त्याच्या शेजारचं बटणही फिरवलं. तेव्हा कुठे सूर सुटा होऊन आल्यासारखा वाटला.

"आता बरोबर," मी म्हणालो आणि वर पाहिलं.

दुकानदारानं डोळे मिटून मान खांद्यात घातली होती. रेवण हलला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"अण्णा, तुम्ही वाजवत राहा. मी मागून जरा बघतो," असं म्हणून तो अ‍ॅम्पमागे जाऊन वाकला. मी वाजवत राहिलो. समोर बासऱ्यांचं काचेचं कपाट होतं आणि त्या काचेत मला त्याचा हात दिसत होता. तो ट्रेबलचं बटण पार शून्यावर आणायचा, थांबायचा, मग पार टोकाला न्यायचा. प्रत्येक वेळी दुकानदाराचा चेहरा बदलत होता. मला शून्यावर गोधडी आणि टोकावर सुटे सूर एवढंच कळत होतं, सुई कुठंच लागत नव्हती. माझे हात चालू होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

वाजवणं थांबवलं तसा रेवण अ‍ॅम्पमागून पुढे आला. दुकानदाराला म्हणाला, "हाच बांधा."

अ‍ॅम्प रिक्षात ठेवून आम्ही कोपऱ्यावर चहा घ्यायला थांबलो. कप हातात आल्यावर तो म्हणाला, "कधीपासून, अण्णा?"

"काय कधीपासून?"

"मी बटण खाली-वर करत होतो."

"मला दिसत होतं."

"दिसत होतं. ऐकू येत नव्हतं."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली असती तर बरं झालं असतं, निदान ती माझी मर्दुमकी तरी ठरली असती. त्याऐवजी मी त्या पोराचा हात धरला. रस्त्यावर, माणसांत.

"रेवण, मास्तरांना सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो."

"अहो अण्णा, काय करताय!"

"जयंतीचा एक कार्यक्रम होऊ दे. एवढा एक. सगळे नातेवाईक येणार आहेत. माझी बायको पहिल्या रांगेत बसणार. एकदा आवाज बरा झाला म्हणून मास्तरांची खात्री पटली की मी पुढचं बघून घेईन."

"पुढचं काय बघणार?"

त्यानं चहाचे पैसे दिले. मग म्हणाला, "सांगत नाही. पण एक अट आहे. बटणं मी लावून देणार आणि तुम्ही त्यांना हात लावायचा नाही."

त्याच संध्याकाळी तो घरी आला. माझी बायको भाग्या दारात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. त्यानं तिच्याकडे टिकल्या मागितल्या तेव्हा ती हसत सुटली. "कुणाला लावताय? अ‍ॅम्पचं लगीन ठरलंय की काय?" तिनं हिरवी, पिवळी आणि लाल अशी तीन पाकिटं काढून दिली. रेवणनं प्रत्येक बटणाभोवती बारक्या टिकल्या चिकटवल्या. हिरव्या घरच्या, हेडफोन लावून वाजवायच्या. पिवळ्या रेकॉर्डिंगच्या. लाल कार्यक्रमाच्या.

"घरी जे गोड लागतं ते मैदानावर लागत नाही, अण्णा. आवाज वाढवला की ट्रेबल आपोआप पुढे येतं. म्हणून लाल टिकली हिरवीच्या बरीच मागं आहे. तुम्हाला वाटेल आवाज मेला. वाटू द्या. बाहेर बरोबर जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"माझ्यावर विश्वास ठेवा."

विश्वास ठेव म्हणणं त्याला सोपं होतं. त्याचे कान त्याच्या डोक्याला होते.

पुढचे पंधरा दिवस मी हिरव्या टिकल्यांवर हेडफोन घालून सराव केला. भाग्याला ऐकू जायचा तो नुसता तारांचा खडखडाट. मला हेडफोनमध्येही आवाज आंधळा वाटायचा. कपाट बंद करून त्याच्या आत कोणीतरी वाजवत असावं, तसा. रोज रात्री जेवताना मी स्वतःला समजवायचो की रेवणला कळतंय, आपल्याला कळत नाही. आणि रोज सकाळी मागावर उभा राहिलो की उलटं वाटायचं. याची जागा माझ्या पडण्यावर अवलंबून आहे. मग हा मला का उभा करील? मी याच्या जागी असतो तर केलं असतं का?

नसतं केलं. हे मी इमानदारीनं सांगतो. आणि जे आपण केलं नसतं ते दुसरा करील, असं माणसाला काही केल्या वाटत नाही.

मधे एकदा भजनांचं रेकॉर्डिंग झालं. मी पिवळ्या टिकल्यांवर वाजवलं. मास्तर नुसतं "हं" म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. एकोणीस वर्षांत त्यांच्या 'हं'चे पंधरा अर्थ मला पाठ झाले होते, हा सोळावा होता. तो चांगला की वाईट हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाहेर येऊन पाहिलं तर रेवण बाकावर बसलेला.

"तू इथं कसा?"

"मास्तरांनी बोलावलं होतं. लागलो तर लागलो म्हणून."

म्हणजे माझा पर्याय आता माझ्या मागे मागे फिरत होता.

जयंतीचा दिवस उजाडला. शाळेच्या मैदानावर स्टेज बांधलं होतं. सहाला कार्यक्रम, म्हणून चारला आम्ही आवाज तपासायला जमलो. रेवणनं येऊन अ‍ॅम्पची सगळी बटणं लाल टिकल्यांवर आणली, पुढे माईक नीट ठेवला आणि मला म्हणाला, "अण्णा, आता देवाचं नाव घेऊन वाजवा."

मी वाजवलं. गोधडी. नुसती गोधडी. मैदान एवढं मोठं आणि माझा आवाज अंगणापुरता.

"बाहेर मस्त आहे," तो म्हणाला.

"हं," मी म्हणालो. मास्तरांसारखं.

तो स्टेजच्या दुसऱ्या टोकाला मास्तरांजवळ गेला. ड्रमवाला ड्रम ठोकून बघत होता, त्या आवाजात कोणाला काही ऐकू आलं नसतं. पण मला ऐकू यायची गरज नव्हती. मी त्याचे ओठ बघत होतो. तो म्हणाला, "मास्तर, काही झालं तरी अण्णांना बटणांना हात लावू देऊ नका." मास्तर म्हणाले, "का बे?" आणि रेवणनं मान फिरवली. पुढचं दिसलं नाही.

मी वाचण्यात चुकलो नव्हतो. एक-एक शब्द बरोबर वाचला होता. आणि क्षणात माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. हा मला मुद्दाम मेलेल्या आवाजावर उभा करतोय. आज सगळ्या समाजासमोर माझी गिटार कोणाला ऐकू जाणार नाही, आणि मी ती दुरुस्तही करू नये म्हणून यानं मास्तरांना पहारेकरी नेमलंय. टिकल्या काय, अट काय, अण्णा अण्णा काय! मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागात एक सुटकाही होती. पंधरा दिवस ज्याच्या उपकाराखाली दबलो होतो तो उपकार नव्हताच.

सहाला मैदान भरलं. भाग्या पहिल्या रांगेत, नव्या साडीत, दोन्ही नणंदांच्या मधे. मास्तरांनी हात वर केला आणि पहिलं गाणं सुरू झालं. मी लाल टिकल्यांवरच वाजवलं, कारण मास्तर माझ्याकडे बघत होते. लोक गायिकेकडे बघत होते, ढोलकीवाल्याकडे बघत होते. माझ्याकडे एकही मान वळली नाही. गाणं संपलं आणि टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत माझा वाटा नव्हता, अशी माझी खात्री पटली.

दुसऱ्या गाण्याच्या आधी मास्तर निवेदकाशी बोलायला वळले. मी अ‍ॅम्पपाशी वाकलो. ट्रेबल टोकाला नेलं. त्याच्या शेजारचं बटणही टोकाला. लाल टिकल्या कुठल्या कुठे राहिल्या.

आहाहा, काय वाटलं म्हणून सांगू! झाकण उघडल्यासारखं झालं. प्रत्येक सूर मला वेगवेगळा दिसायला लागला. मी मान वर करून वाजवत होतो. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरच्या लेकराच्या कानांवर हात ठेवले, ते मी पाहिलं. ड्रम फार होतोय, असं मला वाटलं. मास्तरांनी एकदा चमकून माझ्याकडे पाहिलं, मग साउंडवाल्याकडे बघून बोटांनी काहीतरी खूण केली. ड्रम कमी करायला सांगत असतील.

तिसऱ्या गाण्यात तर माझा आवाज असा भरून आला की एकोणीस वर्षांत कधी आला नव्हता. पायाजवळच्या स्पीकरमधून मला तो दुप्पट जाड होऊन ऐकू येत होता. दोन गिटार एकदम वाजाव्यात, तसा. मी मनात म्हटलं, बघ रेवण. बघ म्हातारा काय करतो. रेवण मात्र कुठे दिसेना. पळाला असेल.

पाचवं गाणं माझं होतं. मधे गिटारचा लांबलचक पीस, सगळी वाद्यं थांबतात आणि गिटार एकटी चालते. मी एक पाऊल पुढे आलो. दिवा माझ्यावर आला. भाग्यानं पदर सावरला आणि ती ताठ बसली. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत वर चढायचं होतं. मी तार ओढली आणि ती माझ्या बोटाला चरचरत लागली. पहिली तार तुटली होती.

माझे दोन्ही हात थांबले.

गिटार थांबली नाही.

मी तुटलेली तार बोटात धरून उभा होतो आणि स्पीकरमधून माझा पीस वाजत होता. तिसरी ओळ झाली. चौथी सुरू झाली. तीच लकेर, तोच मधला थांबा, शेवटच्या सुराला मी देतो तोच हेलकावा. मला क्षणभर वाटलं माझं डोकं फिरलं. मग मी डावीकडे पाहिलं.

पडद्याच्या आत, लोकांना दिसणार नाही अशा जागी, रेवण गिटार घेऊन उभा होता. त्याची वायर सरळ साउंडवाल्याकडे गेली होती. आणि त्याचे डोळे माझ्या डाव्या हातावर खिळले होते. माझा हात थांबलेला बघून त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी आयुष्यात विसरणार नाही. वाजवता वाजवता तो मला मानेनं खुणावत होता: चालवा, अण्णा, हात चालवा. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

माझ्या अ‍ॅम्पपुढचा माईक कधीचा बंद झाला होता. दुसऱ्या गाण्यातच झाला असणार. त्या भरलेल्या आवाजातला अर्धा त्याचा होता. नव्हे, लोकांपर्यंत गेलेला सगळाच त्याचा होता.

मी हात चालवला. तुटक्या तारेवरून बोटं फिरवत राहिलो. त्यावेळी स्टेजवरून उतरलो असतो तर माणूस ठरलो असतो. पण समोर भाग्या बसली होती, माझ्या बहिणी बसल्या होत्या, कारखान्यातले चोवीस मागांचे लोक बसले होते. मी फिरवत राहिलो. पीस संपला आणि मैदान उठलं. मास्तर माईकवर ओरडले, "गिटारवर, आपला अंबादास यन्नम!" शिट्ट्या झाल्या. आणि मी वाकलो. छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून, दोनदा.

याला आता चौदा वर्षं झाली. कानांचं मी मनावर घेतलेलं नाही. मागावर उभे राहिलेले सगळेच थोडेफार बहिरे होतात. रेवणवर संशय घेतला त्याचंही एक वेळ सोडा, भ्यालेला माणूस संशय घेतोच. पण ते वाकणं मला पुसता येत नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर मास्तर वायरी गुंडाळत माझ्याजवळ आले. "नवा अ‍ॅम्पही तसलाच निघाला की बे," ते म्हणाले. म्हणजे त्यांना काही ठाऊक नव्हतं. रेवणनं शब्द पाळला होता.

"त्याला तुम्ही आत उभं केलंत?" मी विचारलं.

"मी कशाला? मी तर तू बिघडवलंस की तुला खाली उतरवून त्याला वर घेणार होतो. तसं ठरवलंच होतं. तोच म्हणाला, अण्णांना उतरवू नका, काही झालं तर मी आतून वाजवतो. लोकांना काय कळतंय? मी म्हटलं, तुझं नाव होणार नाही येड्या. तर म्हणाला, नाही झालं तर नाही." मास्तरांनी वायर खांद्यावर टाकली. "तुझा एकेक पीस पाठ आहे त्याला. लहानपणापासून तुझ्याच कार्यक्रमांना यायचा म्हणे."

मी रेवणला शोधायला पडद्यामागे गेलो. तो निघून गेला होता. त्याची खुर्ची नीट घडी करून ठेवलेली होती.

अ‍ॅम्प उचलून मी मैदानाच्या फाटकाशी आलो. भाग्या नणंदांना पुढे पाठवून माझ्यासाठी थांबली होती. इतकी खूश मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. माझ्या हातातून गिटार तिनं स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि थोडं चालल्यावर म्हणाली, "एक सांगू? रागवू नका. गेली कितीतरी वर्षं तुमची गिटार माझ्या कानाला लागायची ओ. डोकं दुखायचं माझं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही, दर वेळी पहिल्या रांगेत येऊन बसत होते. आज पहिल्यांदा अशी गोड वाजलीत, मला रडू आलं बघा. असं काय केलंत आज?"

दिव्याच्या उजेडात ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. एक शब्दही माझ्याकडून निसटला नव्हता.

"नवा अ‍ॅम्प आहे ना," मी म्हणालो.